क्रमांक तेवीस

१ जुलै २०२० ची दुपार. अमेरिकेतील मिसुरी राज्याची राजधानी जेफर्सन सिटी. तेथील मोठ्या तुरुंगाच्या बाहेर काही माणसे तोंडावर मुखपट्टी बांधून उभी होती. करोनाच्या साथीचे ते दिवस. दार उघडले आणि चाळीस वर्षांचा एक उंच कृष्णवर्णीय पुरुष बाहेर आला. वयाच्या सोळाव्या वर्षी पकडला गेलेला हा माणूस तेवीस वर्षांनंतर मोकळ्या हवेत पाऊल टाकत होता. त्याला येताना पाहून बाहेर उभी असलेली एक तरुणी क्षणभर गुडघ्यांवर कोसळली. मग उठली, टाळ्या वाजवत पुढे झाली आणि त्याच्या भोवती जमलेल्या माणसांत मिसळून गेली.

त्या तरुणीचे नाव माया मूर. दोन ऑलिंपिक सुवर्णपदके, व्यावसायिक साखळीतील चार अजिंक्यपदे आणि जगातील सर्वोत्तम महिला बास्केटबॉलपटू हा लौकिक, एवढे सारे तिच्या नावावर जमा होते. त्या दुपारी मात्र तिने सामना खेळणे थांबविल्याला जवळजवळ दोन वर्षे होत आली होती. मिनेसोटाच्या संघात ती तेवीस क्रमांकाचा सदरा घालीत असे. ज्या माणसासाठी तिने तो सदरा उतरवून ठेवला, त्याचा कारावासही तेवीस वर्षांचाच भरला. हा निव्वळ योगायोग. पण तिच्या आयुष्याचा जमाखर्च मांडताना हा आकडा दोन्ही बाजूंना दिसतो, हे खरे.

मायाचा जन्म ११ जून १९८९ रोजी याच जेफर्सन सिटीत झाला. वडील महाविद्यालयीन काळातील नामांकित बास्केटबॉलपटू होते. पण आईवडिलांचा संसार झाला नाही. मुलीला वाढविण्याचा भार आई कॅथरिन हिने एकटीने उचलला. माया तीन वर्षांची असताना आईने घराच्या दाराच्या मागे एक छोटे कडे अडकवून दिले आणि हातात लहान चेंडू दिला. घरात अखंड धावणाऱ्या मुलीची ऊर्जा कोठेतरी लागावी, एवढाच त्यामागचा साधा हेतू. एकट्या कमावत्या आईला मुलीसाठी करता येण्याजोग्या गोष्टी थोड्या असतात. त्यातील एक थोर ठरली.

नोकरीच्या निमित्ताने कॅथरिनने मुक्काम हलविले. प्रथम नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट, नंतर जॉर्जियातील अटलांटाचा परिसर. गाव बदलले, शाळा बदलल्या; बास्केटबॉलचे कडे मात्र सर्वत्र जमिनीपासून दहा फूट उंचीवरच असते. मुलीला तेवढी ओळख पुरली. सुवानी येथील कॉलिन्स हिल विद्यालयाकडून ती खेळली, त्या चार वर्षांत तिच्या संघाने १२५ सामने जिंकले आणि केवळ ३ गमावले. शालेय खेळाडूंसाठीचा देशपातळीवरचा मानाचा पुरस्कार तिला लागोपाठ दोन वर्षे मिळाला. अभ्यासातही ती पहिल्या रांगेत होती, कारण आईच्या घरी खेळ हा अभ्यासाला पर्याय मानला जात नव्हता.

पुढचा टप्पा कनेटिकट विद्यापीठाचा. महिला बास्केटबॉलच्या जगात या विद्यापीठाचे नाव एखाद्या मोठ्या गायन घराण्यासारखे घेतले जाते. तेथील प्रशिक्षक जीनो ऑरिएमा हे मूळचे इटलीतील. लहानपणी कुटुंबाबरोबर अमेरिकेत आलेले. त्यांची शिस्त कडक. आपल्या सर्वोत्तम खेळाडूचे कौतुक कमी करावे आणि तिच्याकडून अपेक्षा जास्त ठेवावी, अशी त्यांची रीत. मायाने ती मनापासून स्वीकारली. २००७ ते २०११ या चार वर्षांत तिच्या संघाने १५० सामने जिंकले आणि फक्त ४ गमावले. २००९ आणि २०१० ही दोन वर्षे तर संघ एकदाही हरला नाही आणि दोन्ही वेळा राष्ट्रीय विजेता ठरला.

याच काळात संघाने सलग ९० सामने जिंकले. त्यापूर्वी १९७०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पुरुष संघाने सलग ८८ विजयांचा विक्रम केला होता आणि तो मोडणे अशक्य मानले जाई. डिसेंबर २०१० मध्ये मुलींनी तो ओलांडला. ज्या सामन्यात हा विक्रम मोडला, त्यात एकट्या मायाने ४१ गुण केले. विद्यापीठीय कारकिर्दीत तिचे एकूण गुण ३,०३६ झाले.

पण आकड्यांपेक्षा तिच्या खेळातील एक गोष्ट जाणकारांना अधिक भावे. सहा फूट उंचीची ही मुलगी लांबून चेंडू टाकण्यात जितकी अचूक, तितकीच प्रतिस्पर्ध्याच्या हातातून निसटलेल्या चेंडूसाठी जमिनीवर झेप घेण्यात तत्पर. चेंडू कोठे आहे यापेक्षा तो पुढच्या क्षणी कोठे असेल, हे तिला आधी दिसे. जे दृष्टीस पडत नाही त्याचा अंदाज घेऊन आधीच धावू लागणे, हा तिच्या खेळाचा स्वभाव होता. पुढे तोच तिच्या आयुष्याचाही स्वभाव ठरला.

अमेरिकेतील महिलांची व्यावसायिक साखळी १९९७ साली सुरू झाली. पुरुषांची साखळी तिच्याहून अर्धशतकाने ज्येष्ठ. १९७२ च्या एका कायद्याने शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणे बंधनकारक झाले, शाळा-महाविद्यालयांतून मुली खेळू लागल्या, आणि त्यातून पाव शतकानंतर स्त्रियांना खेळ हा व्यवसाय म्हणून निवडता येईल अशी व्यवस्था उभी राहिली. मायाची पिढी ही अशी साखळी पाहतच वाढलेली पहिली पिढी होय.

२०११ च्या खेळाडू-निवडीत मिनेसोटा लिंक्स या संघाने तिला सर्वप्रथम निवडले. येथे व्यवहाराची बाजू पाहणे उद्बोधक ठरेल. पुरुषांच्या साखळीत पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या नवोदिताला त्या काळी वर्षाला काही दशलक्ष डॉलर मिळत. महिलांच्या साखळीत पहिल्या क्रमांकाच्या नवोदित खेळाडूचे वेतन पन्नास हजार डॉलरच्याही आत होते. अनेक वर्षे खेळलेल्या अव्वल खेळाडूलाही २०१९ पर्यंत कमाल मर्यादा होती ती सुमारे एक लाख सतरा हजार डॉलरची. म्हणून उन्हाळ्यात अमेरिकेत आणि हिवाळ्यात परदेशात, अशी या खेळाडूंची बारमाही वणवण चाले; परदेशातील मानधन स्वदेशापेक्षा पुष्कळ अधिक असे. मायाही स्पेनमधील व्हॅलेन्सिया, चीनमधील शान्शी आणि रशियातील येकातेरिनबुर्ग येथील संघांकडून खेळली. स्पेनच्या आणि रशियाच्या संघाबरोबर तिने युरोपचे अजिंक्यपद मिळविले. चीनच्या संघाला तिच्या काळात लागोपाठ तीन अजिंक्यपदे लाभली. वर्षातील बाराही महिने खेळणाऱ्या शरीराला आणि मनाला विश्रांती मिळत नाही, हे या यशाचे दुसरे अंग होते.

२०११ मध्येच मायकेल जॉर्डन यांच्या नावाने चालणाऱ्या क्रीडासाहित्याच्या नाममुद्रेने तिच्याशी करार केला. असा करार झालेली ती पहिली महिला बास्केटबॉलपटू.

मिनेसोटाच्या संघात तिला लिंडसे व्हेलन, सिमोन ऑगस्टस, रिबेका ब्रन्सन यांच्यासारख्या सहकारी मिळाल्या. पुढे २०१५ मध्ये सिल्व्हिया फाऊल्स आली. प्रशिक्षक शेरिल रीव्ह यांनी या सर्वांना एका सूत्रात ओवले. पूर्वी पराभवांची सवय जडलेला तो संघ मायाच्या पहिल्याच वर्षी विजेता झाला. पुढे २०१३, २०१५ आणि २०१७ अशी आणखी तीन अजिंक्यपदे त्यांनी जिंकली. माया २०११ ची सर्वोत्तम नवोदित, २०१३ च्या अंतिम मालिकेतील सर्वोत्तम आणि २०१४ च्या संपूर्ण हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०१२ ला लंडन आणि २०१६ ला रिओ येथे ऑलिंपिक सुवर्णपदके तिच्या गळ्यात पडली.

तिच्या खेळातील एक क्षण अजूनही सांगितला जातो. २०१५ च्या अंतिम मालिकेतील तिसरा सामना इंडियाना संघाच्या मैदानावर चालू होता. मालिका एक-एक अशी बरोबरीत. या सामन्यातही गुण ७७-७७. घड्याळात उरले होते १.७ सेकंद. सीमारेषेबाहेरून आलेला चेंडू मायाने तीन गुणांच्या रेषेजवळ घेतला. समोरची खेळाडू झेपावली. मायाने चेंडू टाकण्याचा आव आणला, तिला पुढून जाऊ दिले, एक पाऊल सरकली आणि मग चेंडू सोडला. वेळ संपल्याचा दिवा लागला तेव्हा चेंडू हवेत होता; कड्यातून खाली आला तेव्हा सामना ८०-७७ असा संपलेला होता. दोन सेकंदांहून कमी वेळ हाती असताना त्यातील काही भाग थांबण्यासाठी खर्च करणे, हे धैर्य सर्वांना साधत नाही.

आता या कथेतील दुसरे नाव. १४ जानेवारी १९९७ रोजी, म्हणजे महिलांची ती व्यावसायिक साखळी सुरू होण्याच्या काही महिने आधी, मिसुरीतील सेंट लुई शहराच्या ओफॅलन या उपनगरात एका घरात चोर शिरला. घरमालक परतला आणि त्याच्यावर गोळी झाडली गेली. तो गंभीर जखमी झाला, सुदैवाने वाचला. पोलिसांनी जॉनथन आयर्न्स नावाच्या सोळा वर्षांच्या एका गरीब कृष्णवर्णीय मुलाला पकडले. घटनास्थळी त्याच्या बोटांचे ठसे, पायांचे ठसे वा रक्ताचा माग असे काही सापडले नव्हते. एका पोलीस अधिकाऱ्याने सांगितले की मुलाने आपल्यापाशी गुन्हा कबूल केला. या जबाबाच्या वेळी खोलीत तिसरे कोणी नव्हते, ध्वनिमुद्रण नव्हते, आणि मुलाने अशी कबुली दिल्याचे सातत्याने नाकारले. जखमी घरमालकाने न्यायालयात त्याच्याकडे बोट दाखविले. मुलावर प्रौढ म्हणून खटला चालला. न्याय देण्यासाठी बसलेल्या पंचमंडळातील सर्वजण गौरवर्णीय होते. शिक्षा झाली पन्नास वर्षांची.

पन्नास वर्षे! सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात ही संख्या मावणे शक्य नाही. तरी या मुलाने तुरुंगात पुस्तके उघडली, स्वतःच कायद्याचा अभ्यास केला, आपल्या खटल्याची कागदपत्रे मागविण्यास आरंभ केला.

मायाच्या आईचे आप्त जेफर्सन सिटीत होते. त्यांपैकी काहीजण तुरुंगातील बंदिवानांसाठी सेवाकार्य करीत. तेथे त्यांची आयर्न्सशी गाठ पडली, आणि हळूहळू तो त्यांना घरच्यासारखा झाला. मायाच्या नामकरणविधीच्या वेळी तिचे धर्मपालक म्हणून जे दांपत्य उभे राहिले होते, त्यांनी त्याच्या खटल्याची कागदपत्रे चाळण्यास सुरुवात केली. त्यांतूनच बोटांच्या ठशांविषयीचा एक अहवाल पुढे आला. त्या घराच्या दारावर आतल्या बाजूस एक ठसा मिळाला होता. तो आयर्न्सचा नव्हता आणि घरमालकाचाही नव्हता. हा अहवाल मूळ खटल्यात बचावपक्षाच्या हाती कधी पडलाच नव्हता.

त्याच वर्षी, २००७ मध्ये, विद्यापीठात जाण्यापूर्वी अठरा वर्षांची माया आप्तांबरोबर प्रथमच त्या तुरुंगात गेली. तिच्यासमोर बसलेला माणूस तिच्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठा होता. एकीच्या पुढे सारे जग उघडत होते. दुसऱ्याच्या पुढे भिंत होती. भेट संपली, माया कनेटिकटला गेली. पण ओळख तुटली नाही. पत्रे, दूरध्वनी, अधूनमधून भेटी असा तो धागा वर्षानुवर्षे टिकला. विजयाच्या मिरवणुका एका बाजूला आणि हे मौन नाते दुसऱ्या बाजूला, असे तिचे आयुष्य दोन पातळ्यांवर चालू राहिले.

जुलै २०१६ मध्ये ते मौन सुटले. लुईझियानात आणि मिनेसोटात पोलिसांच्या गोळ्यांनी दोन कृष्णवर्णीय पुरुष लागोपाठ मारले गेले. पाठोपाठ डॅलस येथे पाच पोलीस अधिकाऱ्यांची हत्या झाली. मिनेसोटातील घटना तर लिंक्स संघाच्या आपल्याच महानगरातली. ९ जुलैच्या सामन्यापूर्वी माया आणि तिच्या तीन सहकारी कर्णधार काळे सदरे घालून पत्रकारांसमोर आल्या. बदलाचा आरंभ आपल्यापासूनच होतो, न्याय हवा आणि उत्तरदायित्व हवे, अशा अर्थाचे शब्द त्यांवर होते. पाठीवर मृत्यू पावलेल्या दोघांची नावे होती आणि डॅलस पोलिसांचे चिन्हही होते. दोन्ही बाजूंचे दुःख एकाच सदऱ्यावर लिहिण्याचा तो प्रयत्न होता. तरी सुरक्षेसाठी नेमलेले चार पोलीस कर्मचारी नाराज होऊन निघून गेले. पुढे इतर संघांतील खेळाडूंनीही अशी भूमिका घेतली. आरंभीच्यांत या चौघी होत्या. मायाने आयर्न्सच्या खटल्याविषयी उघडपणे बोलण्यास सुरुवात केली तीही याच सुमारास. सरकारी अभियोक्त्यांनी शिक्षेपेक्षा न्यायाला विजय मानावे, या विचारासाठी तिने एक उपक्रमही उभा केला.

फेब्रुवारी २०१९ मध्ये तिने जाहीर केले की यंदाचा हंगाम आपण खेळणार नाही. तिचे वय तेव्हा एकोणतीस. खेळाडूच्या दृष्टीने ऐन भराचे. कुटुंबाला आणि ईश्वरसेवेला वेळ द्यायचा आहे, असे तिने कारण सांगितले. अनेकांना वाटले, दमली असेल, वर्षभराने परतेल. जानेवारी २०२० मध्ये तिने आणखी एक हंगाम आणि त्याबरोबर टोकियो ऑलिंपिकही सोडले. संभाव्य तिसरे सुवर्णपदक होते ते. पण त्या काळात आयर्न्सच्या अर्जावर न्यायालयात सुनावणी चालू होती, आणि तिला तेथे हजर राहायचे होते.

या निर्णयाची किंमत नीट समजून घेतली पाहिजे. शिक्षक, वकील, वैद्य यांना दोन वर्षांनी पुन्हा आपल्या कामावर परतता येते. बँकेतील नोकरदाराला बिनपगारी रजा मिळू शकते. खेळाडूची वर्षे मात्र मुदत ठेवीसारखी पुढे ढकलता येत नाहीत. ती त्याच वयात वटवावी लागतात, नाही तर बुडतात. तिने ती बुडू दिली, आणि तीही निकालाची कसलीही खात्री नसताना. अमेरिकेत जुने निकाल उलटणे फार कठीण असते. उच्च न्यायालये बहुधा म्हणतात की पंचांनी जे ठरविले ते ठरले. उद्या आयर्न्सचा अर्ज फेटाळला गेला असता, तर मायाच्या हाती ना पदक उरले असते ना त्याची सुटका.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिने केवळ नाव आणि पैसा देऊन भागविले असते, तरी लोकांनी तिला उदारच म्हटले असते. वकिलाच्या खर्चाला तिने हातभार लावलाच. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. तिने दिला तो आपला वेळ, आणि ज्याला सर्वात अधिक मोल होते तो वेळ. मराठी कानाला तिचे नाव दोन अर्थांनी ऐकू येते. ‘माया जमविणे’ म्हणजे धन साठविणे, आणि ‘माया करणे’ म्हणजे जीव लावणे. दोहोंपैकी एक निवडण्याची वेळ आली तेव्हा तिने दुसरा अर्थ निवडला.

९ मार्च २०२० रोजी न्यायाधीश डॅनियल ग्रीन यांनी आयर्न्सची शिक्षा रद्द केली. मूळ पुरावा मुळातच दुबळा होता आणि बोटांच्या ठशांचा तो अहवाल बचावपक्षाला मिळाला असता तर खटल्याला निराळे वळण लागू शकले असते, असा त्या निर्णयाचा गाभा. त्यावर राज्याच्या वतीने अपिले झाली. ती टिकली नाहीत. मध्ये करोनाची टाळेबंदी आली आणि निर्णय हाती असूनही आयर्न्स आतच राहिला. तुरुंगातील दाटीत साथ पसरण्याची भीती, बाहेर आप्तांचा जीव टांगणीला. अखेर १ जुलैला सरकारी पक्षाने खटला पुन्हा चालविणार नसल्याचे कळविले आणि दार उघडले.

त्या दुपारी मायाने सांगितले ते कृतार्थतेचे, पण त्याहून अधिक थकव्याचे. आता कोठे विसावा घेता येईल, असा तिचा भाव होता. मोठ्या लढतीनंतर विजयाच्या आरोळीऐवजी निःश्वास बाहेर पडतो, हे ज्यांनी घरातील दीर्घ आजारपण किंवा वर्षानुवर्षांचा न्यायालयीन वाद पाहिला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको.

पुढची गोष्ट बहुतेकांना अनपेक्षित होती. सुटकेनंतर काही दिवसांतच माया आणि जॉनथन विवाहबद्ध झाले; सप्टेंबरमध्ये त्यांनी ते जगाला सांगितले. इतक्या वर्षांच्या स्नेहाचे प्रेमात रूपांतर तुरुंगाच्या भेटीगाठींतच झाले होते. पण त्या काळात त्याची वाच्यता त्यांनी केली नाही. लढा एका निरपराध ठरलेल्या माणसाच्या न्यायासाठी आहे, आपल्या संसारासाठी नव्हे, हे त्यामुळे स्वच्छ राहिले. २०२२ मध्ये त्यांना मुलगा झाला.

माया पुन्हा मैदानात उतरली नाही. जानेवारी २०२३ मध्ये तिने औपचारिक निवृत्ती जाहीर केली. त्याच सुमारास दोघांनी मिळून लिहिलेले पुस्तकही प्रसिद्ध झाले. साखळीतील तिची कारकीर्द अवघ्या आठ हंगामांची राहिली. ज्या वयात इतर खेळाडू आपले विक्रम वाढवीत असतात, त्या वयात तिचे विक्रम जेथल्या तेथे थांबले. ऑगस्ट २०२४ मध्ये मिनेसोटा संघाने तिचा तेवीस क्रमांक निवृत्त केला; म्हणजे तो सदरा आता त्या संघात कोणी घालणार नाही. २०२५ मध्ये बास्केटबॉलच्या सन्मान-दालनात तिची नोंद झाली. आठच हंगाम खेळलेल्या खेळाडूला हा मान देताना कोणालाही तो अपुरा वाटला नाही.

या कथेचे एक अंग अजूनही अनुत्तरित आहे, आणि ते झाकणे योग्य नव्हे. १९९७ च्या त्या संध्याकाळी एक निरपराध घरमालक आपल्याच घरात घायाळ झाला होता. त्याने ज्याच्याकडे बोट दाखविले, त्याची शिक्षा तेवीस वर्षांनी रद्द झाली. पण गोळी झाडणारा म्हणून दुसऱ्या कोणाला शिक्षा झाली नाही. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की अन्याय दोघांवर होतो. एक तो, जो आत जातो. आणि दुसरा तो, ज्याला न्याय मिळाल्याचा केवळ भास होतो. दारावरील ठशाचा तो अहवाल वेळीच सर्वांसमोर ठेवला गेला असता, तर कदाचित दोघांचेही भले झाले असते.

आणि ज्या बंदिवानाच्या ओळखीत जगप्रसिद्ध खेळाडू नाही, त्याचे काय? हा प्रश्नही उरतोच. आयर्न्सची सुटका केवळ मायाच्या कीर्तीने झाली असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तुरुंगात कायद्याची पुस्तके वाचणारा तो स्वतः, जुनी कागदपत्रे धीराने चाळणारे ते साधे आप्त दांपत्य, खटला लढविणारे वकील, जुना निकाल पुन्हा तपासण्याचे धैर्य दाखविणारे न्यायाधीश, अशा अनेक हातांनी ते दार उघडले. माया येण्यापूर्वी ते आप्त कित्येक वर्षे, कोणी पाहत नसताना, हे काम करीत होते. मायाचे मोठेपण यात की लोकांच्या नजरा तिच्यावर होत्या तेव्हा तिने त्या नजरा त्या कामाकडे वळविल्या.

आपल्या घरोघरी मुलामुलींच्या यशाची चर्चा असते. गुण किती पडले, कोठे प्रवेश मिळाला, पगाराचा आकडा काय. ती चर्चा चुकीची नाही. कॅथरिननेही मुलीच्या यशासाठी कष्टच उपसले. पण त्याच कॅथरिनच्या घरी आणि आप्तांत मुलीने आणखी काही पाहिले होते. तुरुंगातील एका परक्या मुलाला आपले म्हणणारी माणसे तिने पाहिली होती. दाराच्या मागे टांगलेल्या त्या लहानशा कड्याने तिला खेळाडू केले. मोठी माणसे सुटीच्या दिवशी कोणाला भेटायला जातात, यावरून ती पुढे काय होणार हे ठरले.

इंडियानाच्या मैदानावर तिच्या हाती १.७ सेकंद होते, आणि तरी ती क्षणभर थांबली. आयर्न्ससाठी तिने दोन वर्षे थांबण्याचे ठरविले आणि प्रत्यक्षात कायमचीच थांबली. मिनेसोटाच्या त्या मैदानात आता तेवीस क्रमांकाचा सदरा उंच टांगलेला आहे. सामना पाहायला आलेली एखादी लहान मुलगी मान वर करून विचारीत असेल, ‘हा सदरा कोणाचा?’ तिच्या आईला उत्तर देताना चार अजिंक्यपदे सांगावी लागतील. पण मुलीने पुढे विचारले की ती मग खेळायची का थांबली, तर खरी गोष्ट तेथून सुरू होईल.